पाठ लागली की शिट्टी

माझ्या वडिलांसारखा सरळ माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. लग्नात कुणी भेटलं, दवाखान्यात नंबर लावून बसले असताना कुणी ओळखलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "म्हणजे तू सरांची सुमन? काय माणूस व्हता." मग मागोमाग ती मॅच येते. सांगणाऱ्यानं ती पाहिलेली असतेच असं नाही, पण सांगतो मात्र मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिल्यासारखी, आणि मी मान डोलवत ऐकून घेते. ऐकून घ्यायची मला सवय झाली आहे. आता गुडघे कुरकुरायला लागले, जिना चढताना कठडा धरावा लागतो, तेव्हा म्हटलं ती मॅच एकदा माझ्या बाजूनंही कुठं तरी लिहिलेली असू दे.

आम्ही मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत राहायचो. सकाळी गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची, मांडणीवरची पितळी भांडी बारीक आवाजात वाजायला लागायची, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यावर पिठाची साय धरायची. आईचा अर्धा दिवस पुसण्यात जायचा. आण्णा हायस्कुलात पी.टी.चे सर होते, आणि जिल्ह्यात बास्केटबॉलचे सगळ्यांत जुने पंच. त्यांची शिट्टी पितळेची होती, आत बुचाची गोळी असलेली. मॅच असली की आई सकाळच्या चहानंतर तीच पातेली पुन्हा चढवून ती शिट्टी उकळून काढायची आणि पदराच्या टोकानं पुसून खुंटीला अडकवायची. शिट्टीला हात लावायची आम्हा दोघी बहिणींना बंदी होती. आण्णा सज्ज्यात उभे राहून ती दोनदा वाजवून बघायचे, एकदा आखूड, एकदा लांब. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका वर बघायच्या आणि म्हणायच्या, आज सरांची मॅच दिसतीया. पहाटे आम्हाला कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेली म्हशीची धार प्यायला न्यायचेही तेच. ओठांवर फेस घेऊन आम्ही परत यायचो, मग खर्डा आणि गरम भाकरी. हे सगळं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. बालपण वाईट गेलं असं मला म्हणायचं नाही.

त्या काळात मॅच कुणाच्या मैदानावर आहे यावर निम्मा निकाल ठरायचा. टेबलावर घड्याळ धरणारा यजमान कॉलेजचा, गुण लिहिणारा यजमानांचा, आणि पंचांना आदल्या दिवशी जेवायला घालणारे तर यजमानच. पंच म्हणजे पावणं, आणि पावण्याला उपाशी ठेवायची आमच्याकडं रीत नाही. तांबडा-पांढरा रस्सा पोटात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवताना थोडा जडच होणार. आम्ही बाहेरगावी जाऊन बोंबलत परत यायचो आणि बाहेरगावचे आमच्याकडून बोंबलत जायचे. फिटंफाट व्हायची, म्हणून कुणी फारसं मनाला लावून घेत नसे.

आण्णा या सगळ्याला अपवाद होते. मैदानावर ते पाणीसुद्धा घरचं प्यायचे. एकदा एका कॉलेजच्या गड्यानं सामन्याच्या आदल्या संध्याकाळी रश्श्याचं पातेलं घरी आणून दिलं. आईनं भोळेपणानं घेतलं. झाकण काढलं आणि सगळ्या खोलीत असा वास सुटला की ताईनं ताटंच मांडायला घेतली. आण्णा आले, पातेलं बघितलं, कुणी दिलं विचारलं, आणि चपला न काढताच ते उचलून खाली उतरले. सायकलच्या हँडलला पातेलं अडकवून त्या कॉलेजपर्यंत गेले आणि परत देऊन आले. आम्ही त्या रात्री पिठलं खाल्लं. आई म्हणाली, "वासानं पोट भरलं म्हणायचं." ही गोष्टही गावभर झाली. सांगणाऱ्यांत आमच्या पिठल्याची आठवण कुणाला नसते.

आता त्यांच्या डोळ्याविषयी. आण्णा मूळचे गडमुडशिंगीचे, तालमीत वाढलेले. खांदा निखळला नसता तर कुस्तीच करत राहिले असते. खांदा गेला म्हणून शिकले, शिकले म्हणून पी.टी.चे सर झाले, आणि सर झाले म्हणून बास्केटबॉल त्यांच्या गळ्यात पडला. पण नजर लाल मातीतलीच राहिली. मी आणि ताई पांघरुणावरून भांडायचो, झोंबाझोंबी व्हायची, तेव्हा ते वर्तमानपत्रातून मान वर काढायचे नाहीत. आमच्यातल्या एकीची पाठ जमिनीला टेकली रे टेकली की मात्र पेपर खाली यायचा. "झालं. सुटा आता." पाठ लागली म्हणजे निकाल लागला. मैदानावरही तेच. दोन खेळाडू एकमेकांवर आदळले, कोपरं लागली, ओरखडे निघाले, तर ते शांत असायचे. पण एखादा सपशेल पाठीवर पडला की शिट्टी वाजलीच, आणि फाउल उभा राहिलेल्यावर. कोल्हापुरातल्या सगळ्या खेळाडूंना हे ठाऊक होतं. तालमीत पाठ लागलेला हरतो आणि सरांच्या मॅचमध्ये पाठ लागलेला जिंकतो, असं पोरं त्यांच्यामागं म्हणायची.

मी कॉलेजला गेले आणि पहिल्याच वर्षी टीममध्ये आले. उंची आण्णांची घेतली होती आणि पायही त्यांचेच. बास्केटबॉल म्हणजे पोरींचा खेळ, असं पेठेतले फुटबॉलवाले म्हणायचे. म्हणू देत, मला तो आवडत होता. दमून घरी आल्यावर तळहाताला चेंडूचा जो वास राहायचा, तो मला अजून आठवतो. मला कोच व्हायचं होतं. बी.पी.एड. करून कुठल्या तरी शाळेत पोरींची टीम उभी करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिसऱ्या वर्षाला मी कॅप्टन झाले आणि त्याच वर्षी मामानं पेठ वडगावचं स्थळ आणलं. गोठाभर म्हशी, दुधाचा धंदा, मुलगा एकुलता. आईला पसंत होतं. मी रडले, जेवले नाही, तेव्हा आण्णांनी निकाल दिला. "विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर बी.पी.एड.ला पाठवतो. न्हाय झाली तर वडगाव. मग रडायचं न्हाय." मला तो निकाल न्याय्य वाटला. निवड आंतरमहाविद्यालयीन फायनल बघून होणार होती, आणि फायनल त्या वर्षी आमच्याच मैदानावर होती. स्थळ हातातून गेल्यासारखंच आहे, असं समजून मी आनंदात होते.

फायनलला समोर इचलकरंजीचं कॉलेज होतं. दर वर्षी तेच असायचं. त्यांचे कोच मगदूम सर. जैन घरातले, सडपातळ, मऊ बोलणारे, सूर्य मावळायच्या आत डबा उघडणारे. आमच्या कोच इंगळे मॅडम. त्या खेळ पुस्तकातून शिकल्या होत्या, मनापासून शिकवायच्या, आणि मगदूम सर समोर आले की पुस्तकातलं सगळं विसरायच्या. कारण मगदूम सर चेंडू कमी आणि माणसं जास्त बघायचे. आमचं मैदान सगळ्यांना भारी पडायचं ते आवाजामुळं. भिंतीवर, झाडावर, वर्गांच्या खिडक्यांत पोरं बसायची आणि असा कालवा करायची की पाहुण्या टीमला आपल्या कोचचं ओरडणं ऐकू येत नसे. पण इचलकरंजीच्या पोरी यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या. कारखान्यात बोलून उपयोग नसतो, म्हणून माणसं हातानं बोलतात. मगदूम सर तसंच हातानं बोलायचे. बोट वळवलं, तळवा पालथा केला, की पोरी हलायच्या. आमची पोरं घसा फोडून घ्यायची आणि तिकडं ढिम्म फरक पडत नसे. आणखी एक गोष्ट कानावर यायची, ती अशी की सर त्यांना कारखान्यातल्या सुताच्या गाठोड्यांवर पाठीवर पडायला शिकवतात. कशासाठी, हे सांगायला नको.

मगदूम सर एकदा आमच्या घरीही येऊन गेले होते, सामन्यांच्या तारखा ठरवायला. आईनं कांदा-लसूण न घालता उजेडी जेवायला केलं. जेवून सगळे मैदानावर निघाले. आण्णांनी सायकल काढली आणि मगदूम सरांना मागं बसवलं. मी चालत निघाले. "पोरीला घ्या की सर, मी येतो चालत," मगदूम सर म्हणाले. आण्णा म्हणाले, "नको. पंचाच्या सायकलवर खेळाडू बसलेला दिसाय नको." मी तेव्हा पोटच्या पोरीला खेळाडू म्हटल्याचा अभिमान वाटून घेतला होता. मगदूम सरांनी माझ्याकडं बघितलं, मग आण्णांकडं बघितलं, आणि मागं नीट सरकून बसले. त्यांनी त्या दिवशी काय टिपलं ते मला फार उशिरा कळलं.

फायनलच्या दिवशी एसटीचा संप होता. इचलकरंजीची टीम सुताच्या टेंपोत बसून आली, केसांत कापसाचे तंतू घेऊन. बाहेरगावचे दोन्ही पंच मात्र पोचले नाहीत. एका बाजूला कोल्हापुरातलाच एक तरुण पंच उभा करायचं ठरलं, पण तो आण्णांचा विद्यार्थी, त्यांच्या शिट्टीनंतर शिट्टी वाजवणारा. मुख्य पंच कोण, यावर टेबलापाशी गर्दी झाली. आण्णा निवड समितीत होते म्हणून आलेले, कडेला खुर्चीवर बसलेले. तेवढ्यात मगदूम सर हात जोडून म्हणाले, "सर हाईत की. सरच करू देत. आमची काय हरकत न्हाय."

आमचे प्रिन्सिपल खूश झाले. भिंतीवरच्या पोरांना कळलं तसा एकच दंगा. "आरं पंच आपलाच हाय. कप आलाच म्हणायचा." आण्णांनी एकदा नको म्हटलं. मगदूम सर म्हणाले, "तुमच्यावर भरवसा न्हाय ठेवायचा तर मग कुणावर ठेवायचा, सर?" झालं. आण्णांना याहून वेगळं आमंत्रण लागतच नव्हतं. दोन्ही कॅप्टनना विचारायची पद्धत म्हणून मला विचारलं. इंगळे मॅडम माझ्याकडं बघत होत्या. पण मला माझा बाप नको, असं चारचौघांत कुठली मुलगी म्हणेल? मी मान हलवली. शिट्टी आणायला घरी माणूस धावला.

पहिला फाउल मला आठवतही नाही, तो खरा असेल. दुसऱ्याला त्यांची सात नंबरची कमल नावाची काडीसारखी पोरगी माझ्यासमोर आली आणि खांद्याला वारा लागल्यासारखी उताणी पडली. शिट्टी. मी हात वर केला, कारण हात वर करायला आण्णांनीच शिकवलं होतं. तिसऱ्याला पुन्हा कमल, पुन्हा पाठ, पुन्हा शिट्टी. भिंतीवरची पोरं गोंधळली. मी बास्केटकडं घुसायचंच सोडून दिलं, लांबून मारायला लागले, आणि तरी आम्ही पुढं होतो. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. चौथा लागला तेव्हा मॅडमनी टाइम आउट घेतला. त्या म्हणाल्या, पंचांशी बोलायचा हक्क फक्त कॅप्टनला आहे, तू जाऊन सांग, ती मुद्दाम पडतीया म्हणून.

मी गेले. वडिलांसमोर जाऊन "सर" म्हणायची ती माझी पहिली वेळ. आमच्या कोल्हापूरच्या पोरी पोरांसारखंच बोलतात, आलो, गेलो, तसंच मी म्हटलं, "सर, मी धक्का दिलो न्हाय. ती आपली आपण पडतीया. तुम्ही पाठ बघू नगासा, पाय बघा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "कॅप्टन, जाग्यावर जावा." जावा म्हणाले. मला घरात कधी कुणी अहोजाहो केलेलं नव्हतं. त्या एका शब्दानं मी जी परकी झाले ती झालेच.

शेवटाला आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि चेंडू माझ्या हातात होता. खेळ संपत आला होता. मी ठरवलं, हलायचंच नाही. दोन्ही पाय रोवले, चेंडू पोटाशी धरला आणि खांबासारखी उभी राहिले. कमल धावत आली. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मागच्या मागं पडली. तिची पाठ मातीवर आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग शिट्टी, लांब. आण्णांनी पंजा उघडून वर केला. पाचवा. मी बाहेर. कालवा करणारं सगळं मैदान गप्प झालं. मी चेंडू त्यांच्या हातात दिला, खाली फेकला नाही. कडेला जाऊन बसले. इचलकरंजीनं चेंडू आत आणला, बास्केट केली आणि एका गुणानं मॅच जिंकली.

पोरं खवळणार, दगड येणार, असं वाटलं होतं. पण आमचं गाव वेगळंच. भिंतीवर बसलेला एक म्हातारा वस्ताद उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "याला म्हणत्यात पंच. पोटच्या पोरीला बी सोडलं न्हाय." तिथून हवा फिरली. हरलेल्या गावानं जिंकल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. आमच्याच कॉलेजच्या पोरांनी आण्णांना खांद्यावर घेतलं. इचलकरंजीकरांनी कुठून तरी फेटा आणून त्यांना बांधला. कप गेल्याचं दुःख कुणाला दिसेना. मैदानात त्या दिवशी हरलेलं माणूस एकच होतं, आणि ते बुटाची नाडी सोडत बसलं होतं.

संध्याकाळी आण्णा फेट्यासकट घरी आले. आईनं भाकरी वाढली. माझं ताट तसंच होतं. आई म्हणाली, "गिरणीवर बायका म्हणत व्हत्या, हिचा धक्का न्हवता म्हणं." आण्णांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मैदानावरचं मैदानावर." पुढच्या आठवड्यात निवड समितीची बैठक झाली. माझं नाव निघालं तेव्हा आण्णा उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभे राहिले. जिल्ह्यातल्या सगळ्या पोरींचा खेळ त्यांच्याइतका कुणी पाहिलेला नव्हता, त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि तो शब्द व्हरांड्यात उभा होता. आतल्या माणसांनी पाच फाउलवर बाहेर गेलेली कॅप्टन म्हणून माझं नाव खोडलं. कमल निवडली गेली. याबद्दलही आण्णांचं कौतुक झालं. त्या उन्हाळ्यात मी वडगावला आले, आणि अजून वडगावातच आहे.

माझे यजमान भले माणूस होते. सासरनं मला काही त्रास दिला नाही. म्हशींचं दूध काढणारी बाई जिल्हा गाजवत होती, हे इथं बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही, आणि मीही पटवत बसत नाही. नातू टीव्हीवर मॅच लावतो, पंच चुकला की तीच गोष्ट चार बाजूंनी हळूहळू फिरवून दाखवतात, तेव्हा मी उठून आत जाते. मला एकाच गोष्टीचा आधार होता. आण्णांचा डोळा मातीतला, त्यांना पाठ दिसते, पाय दिसत नाहीत, त्याला ते तरी काय करणार? मगदूम सरांनी त्या डोळ्याचा फायदा घेतला आणि बिचारे आण्णा फसले. यजमानांना मी हेच सांगितलं, पोरांनाही हेच सांगितलं. चूक झालेल्या बापाबरोबर जन्म काढता येतो. सणाला जाता येतं, त्याच्या आवडीची थालीपीठं करून नेता येतात, आणि मी ती नेली.

मग आण्णांची पंचाहत्तरी आली. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, सगळं साग्रसंगीत. मगदूम सरही आले होते, कानाला यंत्र लावून, नातीचा हात धरून. इतक्या वर्षांनी राग धरून काय करायचं म्हणून मी हसत हसतच त्यांना म्हटलं, "सर, पोरींना चांगलं पडायला शिकवलं व्हतासा की."

त्यांनी कानाचं यंत्र नीट बसवलं. "एकट्या तुझ्याच न्हाय, सगळ्यांच्याच म्होरं पडायला शिकवलं व्हतं, पोरी," ते म्हणाले. "पण सरांनी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर एवढी शिट्टी वाजवली न्हाई." मला ते नीट कळलं नाही. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, असं वाटून मी त्यांना खुर्चीवर बसवलं.

भाषणं झाली. जो उठला त्यानं मॅच सांगितली. शेवटी आण्णा उभे राहिले. आवाज अजून खणखणीत होता. ते म्हणाले, "लोक मला जन्मभर विचारत आले, सर, तो पाचवा फाउल होता का? आज सांगून टाकतो. नव्हता. दोघींच्यात हातभर अंतर होतं. मला स्वच्छ दिसत होतं. मी पायच बघत होतो." त्यांनी फेटा सावरला. "पण शिट्टी गळ्यात घालतानाच मी ठरवलं होतं, की आज चूक व्हायचीच असंल तर ती माझ्या घरावर होऊ दे, पाहुण्याच्या घरावर नको. पाहुणा भरवसा ठेवून आला होता."

सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. शेजारी आई बसली होती, ती वाकून माझ्या कानात म्हणाली, "वाजव, सगळी बघाय लागलीत." मी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासाठी एक चूक राखून ठेवली होती, मांडीवर पोर घ्यावं तशी सांभाळली होती, आणि त्यांनी ती सगळ्यांदेखत माझ्याकडून काढून घेतली. त्यांचा डोळा चांगला होता. सगळं दिसत होतं. मी कशी उभी आहे, माझे पाय कुठं आहेत, मला काय हवं आहे, आणि शिट्टी वाजली की मी कुठं जाणार आहे, हे त्यांच्याइतकं त्या मैदानावर दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. मला राग आला होता असं मी म्हणणार नाही. राग तोपर्यंत जुना झाला होता. मला लाज वाटली, आणि ती कुणाची ते मला आजही सांगता येत नाही.

परत येताना माझा मुलगा गाडी चालवत होता, आई त्याच्या शेजारी. मागं मी आणि आण्णा. त्यांच्या मांडीवर नारळ होता, फेटा अजून डोक्यावर होता, चेहरा तृप्त. मी म्हटलं, "आण्णा, एक इचारू?"

"इचार की."

"त्या दिवशी माझ्या जागी दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर?"

त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. सोपं गणित चुकणाऱ्या पोराकडं मास्तर बघतो तसं पाहिलं, जरा कीव करून.

"मग कशाला वाजवली असती?" आण्णा म्हणाले. "धक्काच न्हवता की."